ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांची स्मरणशक्ती

रजोनिवृत्ती कोणत्या वयात आली, याचा स्त्रीच्या उतारवयातील स्मरणशक्तीशी काही संबंध असतो का, हा प्रश्न घेऊन मी काही वर्षांपूर्वी स्त्रियांच्या आरोग्याच्या एका दीर्घकालीन अभ्यासात दाखल झाले. माझे शिक्षण साथरोगशास्त्राचे. हे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॉलरा किंवा तापाच्या साथी येतात. परंतु या शास्त्राचा बराच मोठा भाग आज दशकानुदशके हळूहळू घडत जाणाऱ्या विकारांचा माग काढण्यात गुंतलेला आहे, आणि मेंदूचे वार्धक्य हा त्यातला सर्वांत चिवट विषय म्हणावा लागेल. अशा अभ्यासाची बातमी होते ती शेवटच्या एका ओळीची. त्या ओळीवर कितपत विश्वास ठेवावा, हे मात्र मधल्या कामावर ठरते, म्हणून इथे मी त्या कामाविषयीच लिहीत आहे.

अल्झायमरच्या रुग्णांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया असतात. स्त्रिया अधिक जगतात आणि वय हाच या आजाराचा सर्वांत मोठा धोका आहे, हे त्याचे एक कारण झाले. तेवढ्याने सगळा उलगडा होतो की संप्रेरकांतील बदल, शिक्षणाच्या संधी, हृदयविकार आणि मधुमेह यांचाही त्यात वाटा आहे, हे शोधायचे तर हजारो स्त्रियांची मध्यमवयापासून वार्धक्यापर्यंत सोबत करावी लागते. याचा पायंडा ज्या अभ्यासांनी पाडला त्यांत अमेरिकेतील नर्सेस हेल्थ स्टडी अग्रभागी आहे. फ्रँक स्पायझर यांनी १९७६ मध्ये तो सुरू केला तेव्हा ३० ते ५५ वयाच्या १,२१,७०० विवाहित परिचारिकांना त्यात घेतले होते आणि मूळ प्रश्न गर्भनिरोधक गोळ्यांच्या दीर्घ परिणामांचा होता. दर दोन वर्षांनी त्यांना टपालाने प्रश्नावली जात राहिली. पुढे १९९५ पासून त्यांतील सत्तरी ओलांडलेल्या सुमारे १९,००० स्त्रियांच्या स्मरणशक्तीची चाचणी फोनवरून घेण्यास सुरुवात झाली. ज्या स्त्रीने चाळिशीत आपले वजन, पाळी, औषधे आणि व्यायाम यांची माहिती स्वतःच्या हाताने लिहून पाठवली होती, तिच्याच सत्तरीतल्या स्मरणशक्तीशी त्या माहितीचा सांधा जोडणे त्यामुळे शक्य झाले.

आमच्या गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी हार्मोन थेरपीचा इतिहास वाचायला देतात, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत, म्हणजे स्वतः औषध न देता फक्त नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासांत, दिसत होते. त्यांचा मेंदूही अधिक काळ शाबूत राहत असावा, अशी आशा त्यातूनच बळावली. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या वूमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये हे प्रयोगाने तपासले गेले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके एकत्र देण्याच्या प्रयोगात १६,६०८ स्त्रिया होत्या आणि कोणाला औषध, कोणाला प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी), हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवलेले होते. फायद्यापेक्षा अपाय अधिक दिसू लागल्याने जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. त्याला जोडूनच ६५ वर्षे व त्यावरील ४,५३२ स्त्रियांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास चालू होता. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा औषध घेणाऱ्या गटात संभाव्य डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) ४० आणि प्लासिबोच्या गटात २१ स्त्रिया आढळल्या होत्या. दर वर्षी दर १०,००० स्त्रियांमागे हे प्रमाण अनुक्रमे ४५ आणि २२ पडते. धोका दुपटीने वाढला हे खरे आणि एखाद्या स्त्रीच्या वाट्याला येणारा प्रत्यक्ष धोका तरीही लहानच राहिला हेही खरे. ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगितली नाहीत तर ऐकणाऱ्यावर अन्याय होतो.

निरीक्षणात्मक अभ्यास इतके का चकले, याचे एक उत्तर असे की संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या आणि व्यायाम करणाऱ्या होत्या. दुसरे उत्तर वेळेचे आहे. प्रयोगातील त्या स्त्रियांनी पासष्टीनंतर औषध सुरू केले होते, प्रत्यक्ष व्यवहारात ते पन्नाशीच्या आसपास सुरू होते. म्हणून पुढे ५० ते ५५ या वयात औषध घेतलेल्या स्त्रियांची अनेक वर्षांनी चाचणी घेण्यात आली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत स्मरणशक्तीला टिकाऊ लाभ दिसला नाही आणि हानीही दिसली नाही. कोणी औषध घेतले यापेक्षा कोण औषध घेऊ शकत होते हा प्रश्न आधी विचारायचा, ही सवय मला या प्रकरणाने लावली. पुढे आमच्याच माहितीत तो प्रश्न वेगळ्या रूपात समोर आला.

विश्लेषणाला हात लावण्यापूर्वी मला फोनवरून चाचणी घेण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागले. ते सक्तीचे नव्हते. परंतु ज्या आकड्यांवर आपण पुढे वर्षानुवर्षे गणिते मांडणार, ते आकडे कसे जन्माला येतात हे पाहिल्याखेरीज काम सुरू करायचे नाही, असे मी ठरवले होते. चाचणी ऐकायला सोपी वाटते. दहा शब्दांची यादी वाचायची, दर दोन सेकंदांना एक शब्द, आवाजात चढउतार न आणता; मग आठवतील ते शब्द विचारायचे. वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे, शंभरातून सात-सात वजा करणे, आजची तारीख, ऐकवलेले अंक उलट्या क्रमाने म्हणणे, एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावे, आणि मधे इतर कामे झाल्यावर ती मघाची दहा शब्दांची यादी पुन्हा एकदा. उशिराने केलेली ही आठवण विशेष मोलाची असते, कारण अल्झायमरमध्ये पुष्कळदा सर्वांत आधी तीच ढासळते.

चाचणी सुरू करण्याआधी कागद, पेन्सिल आणि कॅलेंडर दूर ठेवायची विनंती करायची, रेडिओ बंद करायला सांगायचे, आणि मग एक-दोन वाक्ये परत म्हणवून घेऊन ऐकू नीट येते आहे ना याची खात्री करायची. ही शेवटची पायरी घाईत उरकण्याचा मोह होतो, पण ती अत्यंत महत्त्वाची आहे. कमी ऐकू येणारी स्त्री फोनवर शब्दच वेगळा ऐकते, आणि आपण ते विस्मरण म्हणून नोंदवून बसतो. त्यात श्रवणदोष हा स्वतःच डिमेन्शियाचा एक टाळता येण्याजोगा धोका मानला जातो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या १४ धोक्यांच्या घटकांत त्याचा समावेश आहे. म्हणजे कानाचा दोष मोजमाप बिघडवतो आणि कदाचित मेंदूच्या आजारालाही हातभार लावतो. हे दोन परिणाम एकमेकांपासून सोडवणे फार अवघड असते.

प्राण्यांची नावे विचारतानाचे ते एक मिनिट मला अजूनही लांबच लांब वाटते. बहुतेक स्त्रिया गाय, म्हैस, कुत्रा, मांजर अशी घराजवळची नावे भराभर घेतात, मग जंगलाकडे वळतात आणि विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला थबकतात. तिथून पुढे एखादी पक्ष्यांकडे वळते आणि पुन्हा सुसाट सुटते, तर एखादी गाय-म्हैस पुन्हा म्हणू लागते, आणि पुनरुक्तीला गुण नसतो. चाचणी घेणाऱ्याने त्या शांततेत काहीही बोलायचे नाही. ‘हं’ सुद्धा म्हणायचे नाही, कारण एकीला धीर दिला आणि दुसरीला दिला नाही तर दोघींच्या गुणांची तुलना करता येत नाही. एका वृद्ध स्त्रीला दुसऱ्या खेपेस दहांपैकी तीनच शब्द आठवले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “अगं, तुझा आवाज दमलेला वाटतोय. सकाळपासून किती जणींना फोन केलेस?” मी ठरलेल्या वाक्यात आभार मानून पुढचा प्रश्न विचारला. माझ्या कागदावर तीन हा आकडा पडला. समोरच्या व्यक्तीचा आवाज ओळखून तिची विचारपूस करण्याची त्या स्त्रीची क्षमता मोजण्यासाठी आमच्याकडे रकाना नव्हता, आणि ही उणीव या क्षेत्रातील जवळजवळ सर्वच फोन-चाचण्यांत आहे.

एका चाचणीच्या गुणांवरून एखाद्या स्त्रीच्या मेंदूविषयी फारसे काही सांगता येत नाही, हे मी तिथे शिकले. जी स्त्री भरपूर शिकली आहे, तिला चाचणीची सवय असते. जिला शाळा पाहायलाच मिळाली नाही, तिचे गुण निरोगी मेंदू असूनही कमी येतात. शिवाय शब्द लक्षात ठेवण्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरीने पुढे असतात, त्यामुळे आजाराच्या सुरुवातीच्या काळात त्यांचे गुण सामान्य दिसून निदान लांबण्याची शक्यता असते. म्हणून आम्ही प्रत्येक स्त्रीची तुलना तिच्या स्वतःच्याच आधीच्या गुणांशी करतो आणि वर्षांगणिक ती रेषा किती उतरते ते पाहतो.

परंतु तिथेही एक पेच आहे. दुसऱ्यांदा तीच चाचणी दिली की माणसाचे गुण किंचित वाढतात, कारण काय विचारणार आहेत ते त्याला ठाऊक असते. सरावाच्या या परिणामामुळे खरी घसरण झाकली जाते. स्वॅन नावाच्या अमेरिकी अभ्यासाने मात्र याच अडचणीचा सुंदर उपयोग करून घेतला. रजोनिवृत्तीच्या संक्रमणातून जाणाऱ्या स्त्रियांचा हा अभ्यास १९९६ मध्ये सुरू झाला. त्यातील २,३६२ स्त्रियांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दिसले की पाळी नियमित असताना वारंवार चाचणी दिल्याने जी सुधारणा होत होती, ती संक्रमणाच्या उत्तरार्धात थांबली, आणि रजोनिवृत्ती पूर्ण झाल्यावर ती सुधारण्याची क्षमता परत आली. पन्नाशीच्या आगेमागे ‘माझ्या काही लक्षातच राहत नाही’ असे म्हणणाऱ्या स्त्रियांना पुष्कळदा वयाचे कारण देऊन वाटेला लावले जाते. त्यांच्या त्या अनुभवाला मोजमापाचा आधार आहे आणि तो बहुधा तात्पुरता असतो, हे त्यांना कोणीतरी नीट सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

माझ्या प्रश्नातला दुसरा भाग, म्हणजे रजोनिवृत्तीचे वय, कागदावर अगदी साधा दिसतो. प्रत्यक्षात तो सर्वाधिक वेळ खाणारा ठरला. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. परंतु ज्या स्त्रीचे गर्भाशय काढले आहे आणि अंडाशय शाबूत आहेत, तिची पाळी शस्त्रक्रियेच्या दिवशी थांबते आणि अंडाशयांतून संप्रेरके पुढेही स्रवत राहतात. जिचे दोन्ही अंडाशय काढले आहेत, तिचे इस्ट्रोजेन मात्र एकाएकी खाली येते. या दोघींनी प्रश्नावलीत ‘पाळी कधी थांबली?’ यापुढे एकच वय लिहिलेले असू शकते. नेमके काय काढले हे पुष्कळ स्त्रियांना कोणी कधी समजावून सांगितलेलेच नसते. ‘पिशवी काढली’ एवढेच त्यांना ठाऊक असते, आणि जुने कागद मिळाले तरच खुलासा होतो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले होते की रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे आकलनक्षमता खालावण्याचा किंवा डिमेन्शियाचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे या गटाला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या गटात मिसळणे मला मान्य नव्हते. आम्ही ते गट वेगळे केले, ज्यांच्याविषयी खात्री नव्हती त्यांना तिसऱ्या गटात ठेवले, आणि मुख्य विश्लेषण फक्त नैसर्गिक रजोनिवृत्तीवर केले.

मग धूम्रपान आले. धूम्रपानाने रजोनिवृत्ती साधारण वर्ष-दोन वर्षे आधी येते आणि धूम्रपान मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही अपाय करते, म्हणजे कारण आणि परिणाम या दोन्ही टोकांना तेच चिकटलेले असते. लवकर पाळी गेलेल्या स्त्रियांची घसरण आमच्या पहिल्या गणितात जरा वेगवान दिसली होती. धूम्रपान, शिक्षण आणि लहानपणची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो फरक बराच आकसला. इथपर्यंतचा प्रवास अपेक्षितच होता.

ज्यांचा फोन लागला नाही त्यांची यादी मी त्यानंतर उघडली. दीर्घ अभ्यासात प्रत्येक फेरीला काही स्त्रिया गळतात. काहींचे निधन होते, काही घर बदलतात, काही कंटाळतात, काहींना ऐकू येत नाही, आणि काहींना फोनवरचे बोलणेच आता कळत नाही. फोन करणाऱ्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेली वाक्ये मी ओळीने वाचत गेले. ‘मुलीने उचलला, आई आता कोणाशी बोलत नाही म्हणाली.’ ‘तीन वेळा फोन ठेवून दिला, चौथ्यांदा रडू लागल्या.’ संगणकातील फाइलमध्ये या दोघींसाठी एकच खूण होती, ‘प्रतिसाद नाही’, आणि घर बदललेल्या धडधाकट स्त्रीसाठीही तीच. आपण स्मरणशक्तीचा अभ्यास करतो आणि जिची स्मरणशक्ती सर्वाधिक ढासळली ती आपल्या आकड्यांतून सर्वांत आधी बाहेर पडते. राहिलेल्यांवरून काढलेली रेषा वास्तवापेक्षा सौम्य उतरते, आणि लवकर रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रिया अधिक गळत असतील तर आपण शोधत असलेला फरकच पुसला जातो.

यावर उपाय आहेत, त्यांतला एकही पूर्ण नाही. एक उपाय वजन देण्याचा. समजा, कमी शिकलेल्या, मधुमेह असलेल्या आणि पहिल्या फेरीत कमी गुण मिळालेल्या स्त्रियांपैकी निम्म्याच पुढच्या फेरीला राहिल्या, तर राहिलेल्या प्रत्येकीला दोघींच्या बरोबरीने मोजायचे. गळलेल्या स्त्रिया राहिलेल्यांसारख्याच असतील, हे त्यात गृहीत धरावे लागते. दुसरा उपाय घरच्या माणसाला विचारण्याचा. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत त्यांना अलीकडच्या घटना, पैशांचे व्यवहार, वस्तूंच्या जागा कितपत लक्षात राहतात, असे प्रश्न त्यासाठी तयार आहेत, आणि जिथे कोणी उत्तर द्यायला तयार होते तिथे आम्ही ते विचारले. सून आणि मुलगी एकाच स्त्रीविषयी फार वेगळी उत्तरे देतात, हेही तेव्हा ध्यानात आले.

मृत्यूचा प्रश्न याहून बिकट आहे. फोन न उचलणाऱ्या जिवंत स्त्रीची स्मरणशक्ती अस्तित्वात असते, फक्त आपल्याला दिसत नाही. निधन झालेल्या स्त्रीबाबत ‘ती आज असती तर तिचे गुण किती आले असते’ असे गणिताने भरून काढणे मला पटत नाही, कारण त्यात ज्या जगात कोणी मरत नाही त्या जगाचे वर्णन होते. आमच्या गटात यावर बराच काळ मतभेद राहिले. शेवटी वजन फक्त जिवंत असून गळलेल्यांसाठी द्यायचे आणि मृत्यू स्वतंत्र परिणाम म्हणून वेगळा मांडायचा, असे ठरले. हा निर्णय योग्य होता असे मी आजही म्हणेन, आणि वेगळा निर्णय घेणारे संशोधक कोणत्या कारणाने तो घेतात हेही मला समजते.

वजन दिल्यानंतर लवकर आणि उशिरा रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रियांमधला आकसलेला फरक पुन्हा थोडा रुंदावला. किती, यापेक्षा कोणत्या दिशेने, हे मला महत्त्वाचे वाटले, कारण गैरहजर स्त्रियांना हिशेबात घेताच चित्र बदलते याचा तो पुरावा होता. आम्ही तिन्ही गणिते, कच्चे, इतर कारणे वजा केलेले आणि गळतीसाठी वजन दिलेले, एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापली. प्रसिद्धीपूर्वी निबंध तपासणाऱ्या एका परीक्षकाने फक्त शेवटचे ठेवा असे सुचवले. आम्ही नम्रपणे नकार दिला, कारण तिन्ही आकडे एकत्र पाहिले तरच आमचे कोणते गृहीतक किती वजन वाहते आहे हे वाचकाला पडताळता येते.

कारण-परिणामाचा क्रम उलटा असण्याची शंका अशा प्रत्येक अभ्यासाला विचारली जाते आणि ती विचारायलाच हवी. नर्सेस हेल्थ स्टडीमध्ये ७० ते ८१ वयाच्या १८,७६६ स्त्रियांविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नियमित चालणाऱ्या आणि अधिक व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची आकलनक्षमता चांगली दिसली होती. सर्वाधिक हालचाल करणाऱ्या गटातील फरक सुमारे तीन वर्षांनी तरुण असण्याइतका होता. आता, मेंदू थकू लागला म्हणून चालणे कमी झाले असेही असू शकते. त्या संशोधकांनी १९८६ पासूनच्या प्रश्नावल्यांतील हालचालींची दीर्घकालीन सरासरी वापरली, म्हणून त्यांच्या निष्कर्षाला बळ येते. रजोनिवृत्तीच्या वयाबाबत ही शंका तुलनेने कमी सतावते, कारण ती दोन-तीन दशके आधी घडून गेलेली असते, पण ते वय आठवून सांगणारी स्मरणशक्ती तीच आहे जी आपण तपासतो आहोत. म्हणून आम्ही शक्य तिथे सत्तरीत सांगितलेले वय बाजूला ठेवून पन्नाशीत लिहून दिलेले वय वापरले, आणि जिथे दोन्ही उपलब्ध होती तिथे ती ताडून पाहिली.

निबंध प्रसिद्ध झाल्यावर अनेक स्त्रियांनी पत्राने विचारले की पाळी लवकर गेली असेल तर आता काय करावे. समूहाच्या सरासरीवरून एकीचे भविष्य सांगता येत नाही, हे मी प्रत्येकीला लिहिले. रक्तदाब, मधुमेह, ऐकण्याची क्षमता आणि हालचाल यांकडे लक्ष देणे तिच्या हातात आहे, संप्रेरकांचा निर्णय तिने स्मरणशक्तीच्या आशेवर न घेता तिच्या लक्षणांचा विचार करून डॉक्टरांबरोबर घ्यावा, हेही लिहिले.

पुढच्या फेरीची तयारी आता सुरू आहे आणि तिच्यात काही बदल करून घेण्यात मला यश आले आहे. ‘प्रतिसाद नाही’ या एका खुणेच्या जागी कारणांच्या निरनिराळ्या खुणा आल्या आहेत. ज्यांना फोनवर ऐकणे अवघड जाते त्यांच्या घरी माणूस पाठवून समोरासमोर चाचणी घेण्याची सोय काही भागांत होणार आहे. आणि प्रत्येक स्त्रीला, ती ठणठणीत असतानाच, आम्ही विचारणार आहोत की पुढे कधी तुम्हाला बोलणे जमले नाही तर तुमच्याविषयी आम्ही कोणाला विचारलेले तुम्हाला चालेल; ते नाव तिने स्वतः निवडायचे आहे, आणि कोणालाही विचारू नका असे उत्तर तिने दिले तर तेही तसेच नोंदवले जाईल.